कपाटाआधी वही

१९९९ च्या मार्चमध्ये मी माझ्या मुलाचा ब्रिक गेम जप्त केला. सातवीची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरगा जेवतानाही मांडीवर तो ठेवून ठोकळे रचत बसलेला. ‘परीक्षा झाली की देईन’ असं म्हणून मी तो कपाटात साड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या शेजारी सरकवला आणि किल्ली कमरेला लावली. परीक्षा संपली, पोरगा आजोळी परभणीला गेला, तिकडे मामाच्या टीव्हीवर वर्ल्ड कप सुरू झाला आणि परत आला तो बॅट मागतच. गेम त्यालाही आठवला नाही, मलाही नाही.

तो सापडला २०११ मध्ये, घराला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामं केलं तेव्हा. डांबरगोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या. पण एक गोळी जिथे टेकून होती, तिथलं पडद्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट आणि खडबडीत झालं होतं. मागचं झाकण उघडलं तर दोन पेन्सिल सेल फुगून, फुटून, आपल्याच रसात वाळलेले. स्प्रिंगवर हिरवा-पांढरा बुरा. जप्ती करताना सेल काढायचं मला सुचलंच नव्हतं. म्हणजे हा गेम घरात टिकला तो माझ्या शिस्तीमुळे आणि बिघडला तोही माझ्याच शिस्तीमुळे.

दुरुस्तीचा सल्ला शोधला. सगळे इंग्रजी सल्ले एकच सांगत होते, व्हिनेगर लावा. लावलं, आणि उरलीसुरली स्प्रिंगही गेली. कारण पुढे कळलं. तिकडे घरोघरी सेल वापरतात ते अल्कलाइन. त्यांतून पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्क, आणि अल्कावर उतारा आम्लाचा. आपल्याकडे त्या काळात वाण्याकडून यायचे ते स्वस्तातले सेल झिंक-कार्बनचे. त्यांचा स्राव मुळातच आम्लधर्मी. त्याला हवा होता स्वयंपाकघरातला खायचा सोडा, आणि मी आम्लावर आम्ल चोळत बसले होते. शेवटी आमच्या छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलाने दुसरी स्प्रिंग डाग देऊन बसवली, नवे सेल घातले आणि तो ओळखीचा चिरका सूर वाजला. पडद्यावरच्या दहा उभ्या रांगांपैकी दोन रांगा तेव्हापासून आंधळ्या आहेत. ठोकळा त्यांत शिरला की दिसेनासा होतो. खेळणाऱ्याला तो मनातल्या मनात धरून ठेवावा लागतो.

आमच्या वहीत हा गेम ‘दाखल क्रमांक १’ आहे. जुने इलेक्ट्रॉनिक खेळ घरात कसे ठेवावेत, कसे लावावेत, कसे नोंदवावेत याविषयीच्या या पुस्तिकेचा जन्मही त्याच कपाटातला.

मी एकतीस वर्षं एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. त्यामुळे एक वस्तू हाताशी आली की तिच्यामागून दहा येतात, हे मला नवं नव्हतं. ब्रिक गेम दुरुस्त झाल्याची बातमी गल्लीत पसरली. ‘वहिनी, आमच्याकडेही एक पडलाय, चालतो का बघता?’ असं म्हणत कोणी टीव्ही गेम आणून दिला, कोणी पिशवीभर कॅसेटी. आखातात नोकरी करून परतलेल्या एका काकांनी निन्टेंडोचा पुस्तकासारखा उघडणारा दोन पडद्यांचा गेम दिला. तो त्यांनी मुलांसाठी आणला होता आणि मुलांनी मोडू नये म्हणून मुलांनाच दिला नव्हता. मग मी रविवारी जाफर गेटच्या बाजारात भाजीच्या आधी जुन्या सामानाच्या चादरी बघायला लागले. तीन वर्षांत पलंगाखालची जागा संपली. पाचव्या वर्षी पाहुण्यांची खोली गेली. ह्यांनी एकदाच विचारलं, ‘हे सगळं ठेवणार कुठे?’ त्यावर मी म्हणाले, ‘आधी हे सगळं म्हणजे काय ते तर कळू दे.’ ते तेव्हा वेळ मारून नेण्यासाठी म्हटलं होतं. आज मला तेच या पुस्तिकेचं सार वाटतं. जागेचा प्रश्न कधी सुटत नाही. जी वस्तू काय आहे, कोणाची आहे, कुठून आली आहे हे लिहिलेलं नाही, ती कितीही छान कपाटात ठेवली तरी भंगारच असते. फक्त भंगारवाल्यापर्यंत पोचायची राहिलेली असते.

हे पुस्तकांपेक्षा खेळांच्या बाबतीत जास्त खरं आहे. पुस्तकाच्या पोटात त्याचा जन्मदाखला असतो. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, साल. पान उलटलं की मिळतं. आपल्याकडच्या जुन्या खेळांपैकी बहुतेकांना असं काहीच नाही. याचं कारण ते आपल्यापर्यंत कसे आले, त्यात आहे.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही हातात मावणाऱ्या खेळांची मालिका सुरू केली. तिचा कर्ता गुनपेई योकोई. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्याने पाहिला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. कॅल्क्युलेटरचा स्वस्त झालेला पडदा, बटणाएवढे सेल, एक खेळ आणि कोपऱ्यात घड्याळ, एवढाच ऐवज. पाठोपाठ १५ जुलै १९८३ ला त्याच कंपनीने टीव्हीला जोडायचं फॅमिकॉम हे यंत्र जपानात आणलं. आपण ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो, ते बहुतेक वेळा या फॅमिकॉमची नक्कल असायचं. अस्सल यंत्र भारतात ‘सामुराई’ या नावाने रीतसर विकलंही गेलं. प्रतिस्पर्धी सेगाचं ‘मेगा ड्राइव्ह’ १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने आणलं. तयार यंत्र आयात केलं तर ८० टक्के कर पडायचा, म्हणून हा इथल्या कंपनीमार्फतचा मार्ग. तरी किंमत १८,००० रुपये! माझा तेव्हाचा महिन्याचा पगार त्याच्या निम्माही नव्हता. तेव्हा मध्यमवर्गीय घरात अस्सल यंत्र येणार कुठून? आली ती नक्कल. खोक्यावर भलत्याच सिनेमाचा नायक, आत कंपनीचा पत्ता नाही, साल नाही, माहितीपत्रक असलंच तर चिनी भाषेत.

आणि कॅसेटी! इंग्रजीत त्यांना काहीही म्हणोत, आपल्याकडे ती कॅसेटच होती. गाण्याची कॅसेट, पिक्चरची कॅसेट, तशी गेमची कॅसेट. पिवळ्या नाहीतर काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत एक हिरवी पट्टी, पट्टीच्या कडेला साठ पिना, मधोमध काळ्या लुकणाचा एक थेंब. त्या थेंबाखाली चिप. थेंब बिघडला तर दुरुस्ती नाही. अस्सल अमेरिकी यंत्राच्या कॅसेटला बहात्तर पिना असतात, म्हणजे ती आपल्या यंत्रात बसतच नाही. एवढी एक गोष्ट वहीत लिहून ठेवली असती, तर नव्याने जमवणाऱ्या किती जणांचे पैसे वाचले असते!

वर्गीकरणाची खरी कसोटी या कॅसेटींनीच घेतली. माझ्याकडच्या एकीवर छापलंय, ‘६४ इन १’. लावून पाहिलं तर यादीत खरोखरच चौसष्ट नावं. एकेक खेळून, वहीत खुणा करत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिशेब लागला. वेगळे खेळ अकरा. उरलेले त्रेपन्न म्हणजे तेच खेळ, फक्त एकात मारिओ चौथ्या टप्प्यापासून सुरू होतो, दुसऱ्यात त्याला जास्त जीव मिळतात, तिसऱ्यात पडद्याचा रंग वेगळा. मूळ कंपनीचं नाव सुरुवातीच्या पडद्यावरून खरवडून काढलेलं. ग्रंथालयाच्या भाषेत बोलायचं तर एकाच पुस्तकाच्या पाच प्रती पाच वेगळ्या नावांनी बांधल्या आहेत आणि सगळ्यांची मुखपृष्ठं फाडली आहेत.

काम संपवून कॅसेट ठेवायला उलटी केली, तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनचं अक्षर दिसलं. पुसट झालेलं, शाळकरी, ओळी उतरत्या. ‘३ टँक. ७ मारिओ पहिल्यापासून. १९ मारिओ बोगद्याचा. २४ बदक (बंदूक लागते). ४० च्या पुढे सगळे खोटे.’ ही कॅसेट मला जाफर गेटला मिळाली होती; लिहिणारा मुलगा होता की मुलगी, काही माहीत नाही. पण मी दोन संध्याकाळी घालवून जे काम केलं, ते त्या पोराने वीस वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं, आणि तेही थोडक्यात. कॅसेटच्या त्या कोऱ्या पाठीवर मला आपल्याकडची पहिली सूची सापडली, असं मी मानते.

तेव्हापासून मी एक नियम केला. मूळ नाव शोधायचं, पण नोंद आपल्या नावाने करायची. नामको कंपनीच्या १९८५ च्या त्या खेळाचं खरं नाव ‘बॅटल सिटी’. या शहरात त्याला ‘टँक’ याशिवाय दुसरं नाव नव्हतं. ग्रंथालयाच्या तालिकेत ‘पहा’ असा एक शब्द असतो; टोपणनावाच्या कार्डावर लेखकाचं खरं नाव देऊन तिकडे ‘पहा’ म्हणायचं. आमच्या वहीत उलटं आहे: ‘बॅटल सिटी – पहा: टँक.’ कंपन्या आपापली नावं जपायला समर्थ आहेत. पोरांनी दिलेली नावं आपण लिहिली नाहीत तर ती कोणी लिहिणार नाही.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पाचव्यात त्यांनी ग्रंथालयाकडे वाढणाऱ्या जिवासारखं पाहिलं. ग्रंथपालाच्या परीक्षेत हे पाठ केलं होतं. त्याचा अर्थ पाहुण्यांच्या खोलीत कळला. वाढणाऱ्या संग्रहाची रचना आज आहे त्या वस्तूंसाठी करायची नसते. ज्या अजून आल्या नाहीत त्यांच्यासाठी करायची असते. नवशिके संग्राहक पहिली चूक करतात ती इथे. हातातल्या खेळांचा एक खण, टीव्ही गेमचा एक, कॅसेटींचा एक, आणि त्याप्रमाणे ‘ह-१’, ‘टी-१’, ‘क-१’ असे क्रमांक. सहा महिन्यांत कॅसेटींचा खण भरतो, टीव्ही गेमचा अर्धा रिकामा राहतो, आणि मग एखादी वस्तू येते जी कशातच बसत नाही. पाण्यात रिंगा उडवायचा तो बटणाचा खेळ आठवतो? त्यात वीज नाही, सेल नाही. तरी घरोघरी तो ब्रिक गेमच्या शेजारीच पडलेला असायचा. आणि १९९७ पासून नोकियाच्या फोनमध्ये आलेला साप? तो खेळ म्हणायचा की फोन?

ग्रंथालयाने यावर फार पूर्वीच उत्तर काढलं आहे. दाखल क्रमांकाला काही अर्थ नसावा. आली त्या क्रमाने १, २, ३. वस्तू गेली, मोडली, दिली तरी तिचा क्रमांक दुसरीला नाही. वस्तू कुठे ठेवली आहे हा वेगळा रकाना, आणि तो पेन्सिलीने, कारण जागा बदलते. वस्तू काय आहे हा तिसरा रकाना. म्हणजे कपाटात आकारमानाने रचता येतं, मोठं खाली, लहान वर, आणि वहीत विषयवार शोधता येतं. कपाटाने वहीचं काम करू नये आणि वहीने कपाटाचं. पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण याविषयी आहे. ते कंटाळवाणं आहे, याची मला कल्पना आहे. तरी तेच आधी वाचावं.

चौथा रकाना माझ्या आवडीचा: ‘कोणाकडून, काय सांगून.’ दाखल क्रमांक ५८ च्या पुढे लिहिलंय, ‘लोडशेडिंगमध्ये टीव्ही बंद, म्हणून हा घेतला.’ ७३ च्या पुढे, ‘भाऊबीजेची ओवाळणी, भावाने दिला आणि दोन दिवसांनी स्वतःच खेळायला नेला.’ असं एखादं वाक्य खाली आलं की बिनसालाच्या, बिननावाच्या नकली यंत्रालाही गाव आणि घर मिळतं.

आता साठवणीकडे. मराठी घराला नको असलेली पण टाकवत नसलेली वस्तू ठेवायला एकच जागा ठाऊक असते, माळा. आणि विजेच्या खेळांसाठी मराठवाड्यात माळ्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. एप्रिल-मे मध्ये शहराचा पारा चाळिशी ओलांडतो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग माळ्यावर सोडत राहतो. एलसीडीच्या पडद्यावर जी पातळ ध्रुवक पट्टी चिकटवलेली असते, ती उष्णतेने आणि दमटपणाने तपकिरी पडते, तिला फुगे येतात, कधी कधी झाकण उघडताच आंबूस वास येतो. जुन्या गेम अँड वॉचचे आकडे दिसेनासे झाले तर दोष नेहमीच यंत्राचा नसतो. पुष्कळदा ही पट्टीच गेलेली असते आणि ती बदलता येते. मग जूनमध्ये पाऊस येतो, दोन महिने कोरडीठाक असलेली हवा ओलसर होते आणि पिनांवर गंज धरतो. तेव्हा खेळ ठेवावेत ते घरातल्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकता, जमिनीपासून वीतभर वर. आजीचं लोणचं जिथे टिकायचं तिथे एलसीडीही टिकतो, असा ढोबळ नियम करायला हरकत नाही.

काही गोष्टी मात्र लोणच्याच्या उलट. रबरबँड कधीही लावू नये. उन्हाळ्यात ते वितळतं आणि प्लॅस्टिकला कायमचं चिकटतं. वायर यंत्राभोवती गुंडाळून ठेवू नये. वायरीचं मऊ आवरण आणि यंत्राचं कडक प्लॅस्टिक वर्षानुवर्षं एकमेकांना लागून राहिलं की वायरीतलं तेलकट द्रव्य पलीकडे झिरपतं आणि यंत्रावर नागमोडी खड्डा पडतो. खोक्यातल्या फोमच्या गाद्या काढून टाकाव्यात, त्यांचा पुढे चिकट भुगा होतो. डांबरगोळ्यांविषयी सुरुवातीलाच सांगितलं. क्रमांकाची चिठ्ठी चिकटवू नये. सुती दोऱ्याने बांधावी. नव्या चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नयेत. आणि कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारू नये. हे सांगताना मला पिढीच्या पिढीचा रोष ओढवून घ्यावा लागतो, पण फुंकरीने चालते ती कॅसेट फुंकरीमुळे चालत नाही. काढून पुन्हा घातल्यामुळे पिना नीट बसतात म्हणून चालते. फुंकरीतली वाफ मात्र तिथेच राहते आणि गंज आणते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसाव्यात, एवढं पुरतं.

अडॅप्टरविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण माझ्या हातून एक यंत्र त्यानेच गेलं. टोक सारखं म्हणून लावला, आणि जळका वास. अमेरिकी निन्टेंडोचा अडॅप्टर एसी वीज देतो, जपानी फॅमिकॉमला डीसी लागते. नकली यंत्रांत तर टोकाच्या आतली बाजू धन की ऋण हेही प्रत्येकाचं वेगळं. म्हणून अडॅप्टर हे सुटं सामान समजू नये. ज्याचा त्याच्याच क्रमांकाने, त्याच्याच पिशवीत.

आमच्या संग्रहातली सगळ्यात मोठी वस्तू खेळ नाही. तो एक जुना डबा टीव्ही आहे. बदकं मारायची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही, हे पुष्कळांना धक्का देऊन जातं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे तत्क्षणी होतं. नवा टीव्ही चित्र सजवून दाखवण्यात क्षणाचा काही भाग घालवतो आणि तेवढ्यात बंदुकीच्या लेखी नेम चुकलेला असतो. म्हणजे बंदूक जपायची तर टीव्ही जपायला हवा. आणि या शहराला टीव्ही परका नाही. इथे एका चौकाचं नावच टीव्ही सेंटर. पैठण रस्त्याला चौदाव्या किलोमीटरवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. देशभर ज्या रंगीत टीव्हींवर रामायण पाहिलं गेलं, टँक आणि कोंट्रा खेळले गेले, त्यांतले कितीतरी याच शहराच्या वेशीबाहेर जुळवलेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैठणला जाताना ते गाव लागलं की मला वाटतं, डबा टीव्ही भंगारात देणाऱ्यांत आपलंच शहर पुढे असावं, हे काही बरं नाही. तेव्हा ज्याला जमेल त्याने एक तरी ठेवावा. फक्त त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नये. बंद असतानाही ट्यूबमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते. आणि उचलताना काच छातीकडे घ्यावी, सगळं वजन तिथे असतं.

हे सगळं करायचं कशाला, असा प्रश्न विचारणारे भेटतात. त्यांना मी पुण्याच्या दिनकर केळकरांचं उदाहरण देते. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, भांडी असं घराघरातलं, लोक ज्याला जुनाट म्हणून काढून टाकत होते ते सगळं जमवलं आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हाती दिलं. सुमारे वीस हजार वस्तू! आमच्या पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या नावाचं सरकारी संग्रहालय एका माणसाच्या अशाच ध्यासावर उभं आहे. फरक एवढाच, की पितळी अडकित्ता दोनशे वर्षं फडताळात पडून राहिला तरी सुपारी फोडतो. ब्रिक गेम बारा वर्षांत स्वतःलाच खातो. केळकरांना वस्तू शोधायला वेळ होता, आपल्याला तेवढा नाही.

परदेशी संस्था हे काम करतच आहेत. अमेरिकेत रॉचेस्टरला ‘द स्ट्राँग’ हे खेळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निन्टेंडोने क्योटोजवळ उजी इथल्या आपल्या जुन्या कारखान्यात स्वतःचं संग्रहालय उघडलं. अमेरिकेत २०२३ मध्ये एका अभ्यासाने दाखवून दिलं की तिथे निघालेल्या जुन्या व्हिडिओ गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. जिथे कंपन्या आहेत, कायदे आहेत, खोकी-पुस्तिका शाबूत आहेत, तिथे ही गत. उजीच्या काचेच्या कपाटात आपल्या ‘६४ इन १’ ला जागा असण्याचं कारणच नाही. त्यांच्या लेखी तो चोरीचा माल. आणि ते खरंही आहे. पण या चोरीच्या मालावरच आपली एक पिढी डावा-उजवा हात वेगळा चालवायला शिकली. तो माल ठेवायचा तर आपल्यालाच ठेवावा लागेल, आपल्याच घरात, आपल्याच वहीत.

पुस्तिकेची प्रकरणं त्याच क्रमाने आहेत ज्या क्रमाने माझ्या चुका झाल्या: आधी वही, मग सेल, मग जागा, मग अडॅप्टर आणि वायरी, मग टीव्ही, शेवटी काय ठेवायचं नाही ते. हे शेवटचं प्रकरण लिहायला सगळ्यात जड गेलं. एकाच घडणीचे चौदा ब्रिक गेम माझ्याकडे होते. दोन ठेवले, तीन सुट्या भागांसाठी, बाकीचे शाळेतल्या मुलांना देऊन टाकले. वाढणारा जीव कात टाकतो तेव्हाच वाढतो. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक रसायनाने पांढरं करण्याचे उपाय मी दिलेले नाहीत. माझ्या मते वयाला लाजायचं काही कारण नाही. पण ज्यांना ते करायचंच आहे, त्यांनी निदान नोंद करून ठेवावी.

ज्यांनी आपापल्या माळ्यांवरून हे खेळ खाली काढून दिले, त्यांची नावं वहीत आहेत. पैठण गेटच्या त्या मुलाचा आता स्वतःचा गाळा झाला आहे. तो अजूनही माझ्याकडून डाग द्यायचे पैसे घेत नाही. आणि ज्यांनी पाहुण्यांची खोली सोडली, त्यांनीच आता वहीचा पेन्सिलीचा रकाना हौसेने आपल्याकडे घेतला आहे.

एक शेवटची सूचना. वर्षातून दोनदा सगळा संग्रह हाताखालून घालावा, एकदा मृगाआधी आणि एकदा पाऊस सरल्यावर. दुसरी वेळ आम्ही खंडेनवमीला धरतो. त्या दिवशी वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात. आमच्याकडे हळदकुंकू वहीला लागतं. यंत्रांना नाही, पूड बटणांच्या फटीत जाते. मग एकेक खेळ काढायचा, ताजे सेल घालायचे, पाच मिनिटं खेळायचं आणि ‘चालतो का?’ या रकान्यात त्या वर्षाचं उत्तर लिहायचं. पुण्याहून मुलगा आलेला असतो. क्रमांक १ त्याचा. त्या दोन आंधळ्या रांगांतूनही तो ठोकळे बिनचूक बसवतो आणि ‘आई, परीक्षा झाली का?’ असं दरवर्षी विचारतो. त्याचं झालं की गेम माझ्याकडे येतो.

सेल मी स्वतः काढते. एकदा विसरले होते.

छत्रपती संभाजीनगर
खंडेनवमी